मावशी आत गेल्या का?

आमच्या प्राणी उद्यानात दोन मावश्या होत्या. एक माझी सख्खी, आईची धाकटी बहीण. ती कोठीत जनावरांचं खाणं कापायची आणि तोलायची. दुसरी वाघीण. ती पिल्लू म्हणून आली तेव्हा इतकी मरतुकडी होती की डॉक्टर म्हणाले होते, "ही कसली वाघीण, ही तर वाघाची मावशी." म्हणजे मांजर. पुढे हे मांजर दीडशे किलोचं झालं, पण नाव तेच राहिलं. नवीन माणूस कामावर आला की त्याला आम्ही या दोन मावश्यांची गंमत सांगायचो आणि तो हसला की आम्हीही हसायचो. अशी आठ वर्षं हसण्यात गेली.

मला तिथे सगळे लवंगी म्हणतात. बुटकी आणि जहाल, म्हणून लवंगी. वाघांचं घर माझ्या ताब्यात आहे. चुकारपणा मला खपत नाही, आणि कुणी एकच गोष्ट दोनदा विचारली तर माझं डोकं फिरतं. झाडू जागेवर नाही, बादली उलटी नाही, कुलूप लावलं पण ओढून बघितलं नाही, असलं काही दिसलं की मी समोरच्याची बिनपाण्याने करते. माझ्या तोंडाला कुणी लागत नसे. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच होता.

माझे जोडीदार मास्तर. ते खरोखरच शाळेत शिकवायचे. शाळा बंद पडली आणि ते इकडे आले. शाळा सुटली तरी त्यांची सवय सुटली नाही. सगळ्यांना अहो-जाहो. तरसालासुद्धा "अहो, जरा सरकता का" म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. वाघिणीबद्दल ते "मावशी जेवल्या", "मावशी आज रुसल्यात" असंच बोलायचे. माझं उलटं. मी वाघिणीला "ये गं भवाने" म्हणायची, आणि सख्ख्या मावशीलाही अगं-तुगं. आपल्या घरच्या बाईला कोण आदराने बोलतं? आई आली, मावशी गेली, असंच म्हणतो ना आपण. आता हे सगळं व्याकरण मला लख्ख कळतं. त्या दिवशी सकाळी सव्वादहापर्यंत ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

वाघांच्या घराची रचना साधी आहे. मध्ये एक बोळ, बोळाच्या एका बाजूला गजांच्या तीन खोल्या. प्रत्येक खोलीला मागे लोखंडी दार, ते साखळीने वर-खाली होतं. दाराच्या पलीकडे मोकळं आवार: गवत, एक मोठा खडक, झुडपं आणि कोपऱ्यात तळं. आवारात माणसाला जायचं असेल तर इमारतीला वळसा घालून तळ्याजवळच्या दोन फाटकांतून जावं लागतं. तिथून खडकामागचं काही दिसत नाही. आणि वाघिणीला सकाळी नेमकी खडकामागचीच सावली आवडते. म्हणून कामाला दोघं लागतात. एकाने बोळातून वाघिणीला आत बोलवायचं, दार पाडायचं, खीळ लावायची आणि वॉकीटॉकीवर तीन शब्द सांगायचे: "आत. दार. खीळ." ते तीन शब्द कानावर पडल्याशिवाय दुसऱ्याने फाटकाला हात लावायचा नाही.

नियम असा. मास्तर आणि मी सहा वर्षं जोडीने काम करत होतो. सहा वर्षांत ते तीन शब्द झिजून झिजून एकच उरला होता. मास्तर विचारायचे, "आत गेल्या का?" आणि मी म्हणायची, "गेली." दुसऱ्या कुणाच्या जोडीने असं केलं असतं तर मी त्यांना उभं-आडवं झापलं असतं.

त्या दिवशी उद्यान लोकांसाठी बंद होतं. तळ्याची जाळी पानांनी तुंबली होती, ती मास्तर साफ करणार होते. सात वाजता मी वाघिणीला आवारात सोडलं होतं. दहाच्या सुमाराला मी तिला मांसाचा तुकडा दाखवून आत घेणार होते. दहाला दहा मिनिटं कमी असताना माझी मावशी कोठीतून मांसाची गाडी ढकलत आली आणि वाघांच्या घराच्या दाराशी येऊन तिने भिंतीला हात टेकला. चेहरा पांढराफटक. मी धावले, तोवर मास्तरांनी तिला दंडाला धरलं होतं.

"चक्कर आली वाटतं," ते म्हणाले. "यांना आत न्या, आडवं करा. काही खाल्लं नसेल सकाळपासून."

"खाल्लंय की," मावशी म्हणाली.

"खोटं बोलू नकोस," मी म्हटलं. "कालचा डबासुद्धा तसाच नेलास घरी."

मास्तर हसले, "मी तोवर हत्यारं काढून तळ्याकडे जातो" म्हणाले आणि गेले. मी मावशीला बोळाच्या तोंडाशी आमची विश्रांतीची खोली आहे तिथे नेलं. खाटेवर निजवलं, पायाखाली उशी दिली, साखरपाणी करायला घेतलं. एवढ्यात कमरेची वॉकी खरखरली.

"मावशी आत गेल्या का?" मास्तरांचा आवाज.

"हो, गेली. आडवी झालीय."

थोडी खरखर. मग परत, "नक्की ना? तुम्ही स्वतः बघितलंत?"

एका हातात पेला, दुसऱ्या हातात चमचा, त्यात मावशी उठून बसायची घाई करत होती. मी भडकलेच. "एकदा सांगितलेलं कळत नाही का हो, मास्तर? माझ्या डोळ्यांसमोर पडलीय!"

वॉकी गप्प झाली. बराच वेळ गप्प होती. मग ते म्हणाले, "बरं."

मला वाटलं, किती काळजी या माणसाला माझ्या मावशीची. खरंच असंच वाटलं. मी मावशीला दोन पेले पाणी पाजलं, उठलीस तर बघ अशी तंबी दिली, तुकड्याचं पातेलं उचललं आणि बोळात गेले. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वाघिणीची खोली रिकामी होती आणि मागचं दार वर होतं. ते तसंच असायला हवं होतं. मी अजून तिला बोलावलंच कुठे होतं? बोलवण्याआधी ती कुठे बसलीय ते बघावं म्हणून मी बोळाच्या टोकाच्या, आवाराकडच्या झरोक्याला डोळा लावला.

तळ्यात मास्तर होते.

गुडघाभर पाण्यात, पँट दुमडलेली, पाठ माझ्याकडे. वाकून जाळीतली पानं उपसत होते आणि बादलीत टाकत होते. खडकामागून बाहेर येऊन, त्यांच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर, वाघीण बसली होती. झोपली नव्हती, बसली होती. दोन्ही कान पुढे, नजर मास्तरांच्या पाठीवर. शेपटीचं फक्त टोक हलत होतं.

माणूस अशा वेळी किंचाळतो म्हणतात. मी नाही किंचाळले. मला काही कळलंच नाही. मी झरोक्यापासून डोळा काढला, रिकामी खोली पाहिली, वर असलेलं दार पाहिलं, आणि परत डोळा लावला. जणू दुसऱ्यांदा पाहिलं तर दुसरं काही दिसेल. "मावशी आत गेल्या का?" "हो, गेली. आडवी झालीय." हे माझ्याच आवाजात कानात वाजलं. त्यांनी वाघिणीचं विचारलं होतं. मी मावशीचं सांगितलं होतं. त्यांच्या लेखी दोघी "गेल्या", माझ्या लेखी दोघी "गेली". फरक कळायला जागाच नव्हती.

हात वॉकीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांचीही वॉकी कमरेलाच होती. ती खरखरली असती तर ते दचकून वळले असते, धावले असते. धावणाऱ्या माणसामागे वाघ का जातो हे मला कुणी शिकवायला नको. मी पातेलं उचललं आणि रोजच्यासारखं गजावर वाजवलं. टण, टण, टण. ही तिची जेवणाची हाक.

वाघिणीचा एक कान माझ्याकडे वळला. फक्त कान.

मास्तर मात्र सरळ झाले. सहा वर्षं ते हा आवाज ऐकत होते. त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. वाघीण बाहेर असते तेव्हाच पातेलं वाजतं. ते सावकाश वळले. तिला त्यांनी पाहिलं ते मी पाहिलं. हातातली पानं पाण्यात पडली. चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण त्यांचे दोन्ही हात अंगाजवळ हळूहळू खाली आले आणि तसेच राहिले. मग त्यांचा आवाज आला, अगदी रोजचा.

"अहो मावशी. बसा. बसा. मी चाललोच होतो."

वाघीण उठली.

ती एक पाऊल पुढे आली, मग दुसरं. डोकं खांद्यांच्या खाली. मास्तर पाण्यात मागे सरकत होते आणि मागे फक्त तळ्याची भिंत होती. फाटक उजव्या हाताला, दहा पावलं लांब. मी पातेलं आपटत होते आणि ओरडत होते. म्हणजे मला वाटत होतं की मी ओरडतेय. तोंडातून "ये, ये गं" असं काहीतरी फाटकं निघत होतं. वाघीण थांबली, माझ्या दिशेने बघितलं, आणि परत मास्तरांकडे वळली. तो आवाज तिच्या ओळखीचाच नव्हता. इतकी वर्षं मी तिला शिव्या घालून बोलावत आले होते. विनवणी तिने माझ्याकडून कधी ऐकलीच नव्हती. मी शिव्या आठवायचा प्रयत्न केला. खरंच सांगते, एकही आठवेना.

"काय झालं गं? का ओरडतेस?"

मागे मावशी उभी होती. भिंतीला धरून, अनवाणी, खाली पडेल अशी डुलत.

आणि माझा भडका उडाला. "तू कशाला उठलीस?" मी तिच्यावर ओरडले. "तुला पडून राहा म्हटलं होतं ना? कळत नाही का सांगितलेलं? कार्टे, मरायचंय का तुला? चल, मागे हो! हो मागे!"

माझ्याच मावशीला, माझ्या आईच्या बहिणीला मी कार्टे म्हटलं. बोळभर घुमलं ते. आणि पलीकडून धप धप असा आवाज आला. मी वळले तर वाघीण गवतावरून पळत येत होती, रोजच्यासारखी, तोंड अर्धं उघडं. तिला तिची हाक मिळाली होती. ती दारातून आत शिरली, पातेल्याकडे झेपावली. मी साखळी सोडली. दार कोसळलं. खीळ घालायला मला तीन वेळा हात न्यावा लागला.

"आत," मी वॉकीत म्हटलं. "दार. खीळ." मग खाली बसले आणि बसूनच राहिले. मावशी माझ्या शेजारी बसली, तिला काहीच कळलं नव्हतं, ती माझा गुडघा चोळत होती. वॉकीवर थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "ऐकलं. आभारी आहे." आभारी! मी ढसाढसा रडले.

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे पसरली. डॉक्टर येऊन मास्तरांची नाडी बघून गेले, मग माझीही बघितली आणि म्हणाले, तुमची जास्त पळतेय. मावशीला नावामुळे काय झालं ते कळलं तेव्हा ती आधी रडली, मग म्हणाली, "मग मीच बदलते बाई माझं नाव!" आणि सगळे हसले. भीती ओसरली की माणसं कशालाही हसतात. कोठीतली माणसं आली, हत्तीवाला आला, जो तो डोक्याला हात लावून म्हणे, दोन मावश्या! कधीतरी होणारच होतं हे. मीही तेच म्हणत होते. डोळे मिटले की तळ्यातली ती पाठ दिसत होती, पण तोंडाने मी तेच म्हणत होते. दोन मावश्या, नावाचा घोटाळा.

मॅनेजरबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी छापील कागद पुढे केला. घटना, वेळ, हजर माणसं, कारण. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "एकाच नावाच्या दोघी असल्यामुळे गैरसमज." त्यांनी वाचलं, मान हलवली.

"वाघिणीचं नाव आजपासून बदला," त्या म्हणाल्या. "आणि तीन शब्द पूर्ण म्हणत जा. बाकी कुणाचा दोष नाही."

बाकी कुणाचा दोष नाही. हे ऐकून मला किती हलकं वाटलं, ते लिहायलाही लाज वाटते.

मास्तर हत्यारांच्या खोलीमागे बाकावर बसले होते. पँट अजून ओली होती. बूट काढून उन्हात ठेवले होते. मी शेजारी बसले. माफी मागायची होती, पण मला ते जमत नाही. तोंडातून निघालं ते भलतंच.

"तीन शब्द ऐकले नव्हते ना तुम्ही? मग फाटक उघडलंत कशाला?"

"चूक झाली," ते म्हणाले.

"शंका आली नाही तुम्हाला?"

"आली." ते पायांकडे बघत होते. "आडवी झालीय म्हणालात तुम्ही. मावशी आत आल्या की पंधरा मिनिटं तरी येरझाऱ्या घालतात, लगेच आडव्या होत नाहीत. म्हणून तर परत विचारलं."

"मग माझ्या उत्तराने समाधान झालं?"

"नाही."

"अहो, मग तिसऱ्यांदा विचारायचं! जीव जात होता तुमचा, आणि विचारायला काय झालं होतं?"

मी हे ओरडूनच बोलले. त्यांनी डोळे मिटले. अगदी क्षणभर, आणि खांदे किंचित वर घेतले. मी ओळखते ती हालचाल. आवाज चढला की जनावरं तशी करतात. सहा वर्षं हा माणूस माझ्या शेजारी काम करत होता आणि मी ती कधी पाहिली नव्हती.

"फाटकापाशी उभा राहिलो होतो मी बराच वेळ," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, ते फक्त मला समजावून सांगत होते. "बटणावर बोट होतं. दोनदा ठेवलं, दोनदा काढलं. म्हटलं, परत विचारलं तर तुम्ही चिडाल, सगळे ऐकत असतात वॉकीवर. त्यापेक्षा जावं आत. होईल ते होईल."

ते कसनुसं हसले, मला वाईट वाटू नये म्हणून.

"वेडेपणाच तो," ते म्हणाले. "पण त्या वेळी फाटक सोपं वाटलं हो."

तिथून मी कशी उठले मला आठवत नाही. मॅनेजरबाई केबिनला कुलूप लावत होत्या.

"तो कागद परत द्या," मी म्हटलं.

"का? काय राहिलं?"

"कारण चुकीचं लिहिलंय मी."

त्यांनी दार पुन्हा उघडलं. मी खुर्चीत बसले, दोन मावश्यांवर काट मारली, आणि खाली लिहायला घेतलं. "मास्तरांना परत विचारायचं होतं, पण माझ्या तोंडाला," एवढं लिहिलं, आणि पुढचं लिहिताना पेन थांबलं. बाई म्हणाल्या, "काय झालं?" दुसऱ्यांदाही तेच म्हणाल्या. मी चिडले नाही.